ऋषिगंगेच्या रेतीची बाटली

2021 च्या मार्चमध्ये आमच्या प्रयोगशाळेत अर्ध्या लिटरची एक प्लास्टिकची बाटली आली. तिच्यावर नमुना क्रमांक नव्हता, सोबत वेळ आणि जागा नोंदवलेला अर्जही नव्हता. जाड पेनाने फक्त ‘रैणी, पुलाखाली’ एवढेच लिहिलेले होते; रैणी हे ऋषिगंगेकाठचे गाव. पूर्वी आमच्याकडे प्रशिक्षणाला असलेला एक मुलगा ऋषिगंगेला 7 फेब्रुवारीला आलेल्या पुरानंतर मदतकार्यासाठी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात गेला होता, त्याने ती पाठवली होती. फोनवर तो म्हणाला, “मॅडम, गावातले लोक मला पुरापेक्षा त्या यंत्राबद्दलच जास्त विचारतात. पूर आला तेव्हा हवेत उग्र वास होता, असं सांगतात. तुम्ही एकदा रेती तपासाल का?”

ते यंत्र म्हणजे 1965 साली हिमालयातल्या नंदादेवी शिखरावर हरवलेले, प्लुटोनियमवर चालणारे विद्युतजनित्र. माझे नेहमीचे काम कोकण किनाऱ्यावरचा गाळ आणि मासळी यांतील किरणोत्सर्ग मोजण्याचे आहे, त्यामुळे त्या जनित्राचे इंधन असलेले प्लुटोनियम-238 हे नाव मला रोजचेच आहे. तरीही विभागप्रमुखांनी बाटली घ्यायला नकार दिला. नमुना कोणी, कोठून, कसा घेतला याची साखळी नसेल तर त्याचा निकाल वापरता येत नाही, हे त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. ते उत्तम रसायनशास्त्रज्ञ आहेत. परंतु अर्जाच्या रकान्यात न बसणारा प्रश्न त्यांना प्रश्नच वाटत नाही, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे. अखेर पद्धतीची चाचणी म्हणून, अहवाल न देण्याच्या अटीवर, मला परवानगी मिळाली.

हे काम बाहेरच्यांना वाटते तसे होत नाही. पुरानंतर नदीकाठी उभे राहून गायगर काउंटर पाण्यासमोर धरणारी माणसे पाहिली की मला वाईट वाटते, कारण प्लुटोनियम-238 मधून निघणारा अल्फा कण कागदाच्या एका कपट्यानेही अडतो. पाण्यात किंवा रेतीच्या कणात असलेले थोडेसे प्लुटोनियम त्या काउंटरला दिसणारच नाही, मग तो शांत राहिल्याचा आनंद कशाला मानायचा? ते शोधायचे तर रेतीतून बाहेर काढावे लागते. मी 50 ग्रॅम रेती वाळवून भट्टीत भाजली, तीव्र नायट्रिक आम्लात उकळून गाळली आणि सुरुवातीलाच तिच्यात प्लुटोनियम-242 या त्याच्याच भावंडाचा मोजून घेतलेला ट्रेसर, म्हणजे खुणेचा पदार्थ, टाकला, म्हणजे वाटेत किती माल वाया गेला ते शेवटी कळते. नंतर सोडियम नायट्राइटने प्लुटोनियमला चतुःसंयुजी अवस्थेत आणून तो द्रव रेझिनच्या, म्हणजे ठरावीक मूलद्रव्ये धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, स्तंभातून थेंबथेंब सोडला. प्लुटोनियम आणि थोरियम रेझिनला चिकटून राहतात, युरेनियम आणि अमेरिशियम वाहून जातात. त्यानंतर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने थोरियम धुवून काढायचे असते, आणि या पायरीवर घाई अजिबात चालत नाही. शेवटी अमोनियम आयोडाइडने प्लुटोनियम उतरवून ते पोलादाच्या रुपयाएवढ्या चकतीवर विजेच्या साहाय्याने जमवायचे. प्रवाह बंद करण्याआधी एक मिनिट अमोनिया घातला नाही तर जमलेले सगळे पुन्हा आम्लात विरघळून जाते. नीट जमलेली चकती आरशासारखी चमकते. माझी त्या दिवशीची चकती किंचित तपकिरी होती, म्हणजे लोह पुरते गेले नव्हते. मला ते दिसत होते, तरी मी ती मोजणीच्या निर्वात कक्षात ठेवली.

करोनामुळे तेव्हा निम्मी हजेरी होती आणि मोजणीची खोली संध्याकाळी सहाला कुलूपबंद होत असे. माझ्या टेबलावरच्या संगणकावर मोजणीचा फक्त ठरावीक तक्ता दिसतो. त्यात तीनच खिडक्या, म्हणजे अल्फा कणांच्या ऊर्जेचे तीन ठरावीक पट्टे, आहेत : ट्रेसर, प्लुटोनियम-239 आणि प्लुटोनियम-238. गुरुवारी निघण्यापूर्वी मी तो तक्ता पाहिला. 239 च्या रकान्यात शून्य होते आणि 238 च्या रकान्यात सात.

सात नोंदी म्हणजे काहीच नव्हे, आणि तरीही ती रात्र मी विसरलेले नाही. अणुचाचण्यांच्या धुळीतून जगभर पसरलेल्या प्लुटोनियममध्ये 239 नेहमी जास्त असते आणि 238 त्याच्या काही टक्के. 239 मुळीच नाही आणि 238 मात्र आहे, असे चित्र दिसले तर त्याचा उगम बॉम्बच्या धुळीत नसून जनित्राच्या इंधनात असतो, हे आम्ही प्रशिक्षणार्थींना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

घरी गेल्यावर मी त्या योजनेबद्दल जे जे माहीत होते ते एका कागदावर कालक्रमाने लिहून काढले. ऑक्टोबर 1964 मध्ये चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. चिनी क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचे रेडिओ संकेत टिपण्यासाठी हिमालयाच्या एखाद्या उंच शिखरावर यंत्र बसवावे, असे अमेरिकेच्या सीआयएने आणि आपल्या इंटेलिजन्स ब्यूरोने मिळून ठरवले. पहिली सूचना कांचनजंगेची होती. 8,586 मीटर उंचीच्या शिखरावर अँटेना, दोन रेडिओ संच आणि जनित्र असा सुमारे 56 किलोंचा सरंजाम चढवावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याने ते शिखर फक्त नकाशावर पाहिले असणार. मे 1965 मध्ये नऊ भारतीयांना एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचवणाऱ्या मोहिमेचे नेते कॅप्टन एम. एस. कोहली यांनी ती सूचना स्पष्टपणे फेटाळली. मग 7,816 मीटरची नंदादेवी निवडली गेली, जिच्या उतारांचे सगळे पाणी ऋषिगंगेतून धौलीगंगेला आणि पुढे अलकनंदेला मिळते. शिखराची निवड करणाऱ्यांनी उंची पाहिली, लोप नोरची दिशा पाहिली. पाणी कोठे जाते हे पाहण्याची जबाबदारी कोणाची होती, ते मला आजवर कोठेही आढळलेले नाही.

त्या कागदावर मी एक नोंद लाल शाईने केली. एप्रिल 1964 मध्ये, म्हणजे नंदादेवीच्या मोहिमेच्या दीड वर्ष आधी, असेच प्लुटोनियम-238 चे जनित्र असलेला अमेरिकेचा एक उपग्रह कक्षेत न पोहोचता वातावरणात जळून गेला आणि त्याचे इंधन पृथ्वीभर विखुरले. त्याचा अंश आजही आमच्या नमुन्यांत दिसतो. एक जनित्र हातून गेल्याचा अनुभव इतका ताजा असताना दुसरे जनित्र हिमकडे कोसळणाऱ्या उतारावर नेताना, ते परत आणता आले नाही तर काय, याचे उत्तर आराखड्यात असायला हवे होते.

मोहीम 1965 च्या शरदात, हिवाळ्याच्या तोंडावर गेली. शेर्पांनी त्या उबदार जनित्राला ‘गुरु रिन्पोचे’ असे, आपल्या बौद्ध गुरूंचे, नाव दिले होते आणि थंडीत ते आपल्या पाठीवर यावे म्हणून ते चढाओढ करीत. सुमारे 7,300 मीटरवरच्या चौथ्या तळावर हिमवादळाने गाठल्यावर कोहलींनी सामान खडकाच्या आडोशाला बांधून माणसे खाली आणली. त्या निर्णयाबद्दल मी त्यांना कधीही दोष देणार नाही. माणसे आणि यंत्र यांतून निवड करण्याची वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती. मे 1966 मध्ये पथक परत गेले तेव्हा तो आडोसाच हिमप्रपाताने वाहून नेला होता. 1968 पर्यंत शोध चालला, पण काहीही सापडले नाही. दरम्यान 1967 मध्ये शेजारच्या नंदाकोटवर दुसरे यंत्र बसवले गेले. ते बर्फाखाली गाडले गेले आणि काढायला गेलेल्यांना दिसले की त्याच्या उष्णतेने भोवतालचे बर्फ वितळून पोकळी झाली आहे. आमच्याकडे चकतीवरच्या अणूंचीसुद्धा नोंद दोन सह्यांनिशी होते. तेथे काही देशांच्या सुरक्षेचा प्रश्न होता म्हणून कोणाची सही लागली नाही, आणि 17 एप्रिल 1978 रोजी मोरारजी देसाईंनी लोकसभेत सांगेपर्यंत, म्हणजे साडेबारा वर्षे, त्या नदीकाठच्या लोकांना याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर डॉ. आत्माराम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत होमी सेठना आणि राजा रामण्णा हे अणुशास्त्रज्ञ होते. पाण्याच्या तपासणीत तेव्हा दूषितता आढळली नव्हती.

कागदाच्या तळाशी मी गणित मांडले : अर्धायुष्य 87.7 वर्षे, 1965 ते 2021 म्हणजे 56 वर्षे, शिल्लक सुमारे 64 टक्के.

शुक्रवारी सकाळी खोली उघडताच मी मुख्य संगणकावर संपूर्ण वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या किती नोंदी झाल्या त्याचा आलेख, काढला. 238 च्या खिडकीत आता एकोणीस नोंदी होत्या. पण डावीकडे, तक्त्याला न दिसणाऱ्या भागात, 4.0 एमईव्हीपाशी (हे अल्फा कणांच्या ऊर्जेचे एकक) तितकाच एक उंचवटा उभा होता. ते थोरियम-232 होते. मग 238 च्या खिडकीतला उंचवटा त्याच्याच क्षयातून तयार होणाऱ्या मालिकेतल्या थोरियम-228 चा, 5.42 एमईव्हीचा होता. प्लुटोनियम-238 ची रेषा 5.50 ला असते आणि माझी लोहाने जाड झालेली चकती ती दोन्ही वेगळी दाखवू शकत नव्हती. उजवीकडे 8.78 पाशीही दोन नोंदी होत्या, ज्या थोरियम मालिकेच्या शेवटाशिवाय येतच नाहीत. हिमालयाच्या नाइस नावाच्या खडकात थोरियम भरपूर असते आणि मी ते पुरते धुतलेले नव्हते. उरलेल्या रेतीवर मी सगळी प्रक्रिया पुन्हा केली, हायड्रोक्लोरिक आम्लाने दुप्पट धुतले, चमकती चकती मिळवली आणि ती तीन दिवस मोजली. 238 च्या खिडकीत आली तेवढी नोंद कोऱ्या चकतीतही आली होती.

मी त्या मुलाला कळवले : शोधमर्यादेपेक्षा कमी, म्हणजे आमच्या पद्धतीला दिसू शकते त्याहून कमी. तो म्हणाला, “मॅडम, लोकांना हे कळणार नाही. ‘नाही’ असं एकच अक्षर लिहून द्या ना.” मी दिले नाही. शोधमर्यादेपेक्षा कमी म्हणजे नाही असे नव्हे, आणि एका बाटलीवरून नदीबद्दल बोलता येत नाही, हे मी त्याला सविस्तर समजावले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने माझे वाक्य हिंदीत करून वाचून दाखवले, तेव्हा लोक गप्प राहिले आणि एक वयस्क गृहस्थ एवढेच म्हणाले की, कागदावर नेहमी असेच लिहिलेले असते. 200 हून अधिक माणसे ज्या पुरात गेली त्याच्या काठावर बसून त्यांनी ते ऐकले होते. माझा शब्द बरोबर होता असे मी आजही मानते, पण तो त्यांच्या कानाला कसा लागला असेल हे मला टाळता येत नाही.

पुढे त्या वर्षी पुराचा शास्त्रीय उलगडा प्रसिद्ध झाला : रोंती शिखराच्या उत्तर बाजूने सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळून तो पूर आला होता. यंत्राचा त्यात हात नव्हता. ते वाचताना मात्र माझ्या लक्षात आले की रोंती गाड हा ओढा नंदादेवीच्या घळीच्या खाली, रैणीच्या वर ऋषिगंगेला मिळतो. पुलाखालची रेती बहुतांश रोंतीच्या कड्याची होती. नंदादेवीच्या उतारावरून काय येते हे विचारायचे असेल तर बाटली संगमाच्या वर, घळीत भरायला हवी होती. मी पंधरवडाभर एवढ्या काळजीने मोजले ते चुकीच्या डोंगराचे होते, आणि बाटली हातात घेतली तेव्हा नकाशा उघडण्याचे मला सुचले नाही.

घळीचा तो भाग संरक्षित असल्याने तेथे जायला परवानगी लागते. संगमाच्या वर सहा ठिकाणांहून, प्रत्येकी एक किलो रेती, पावसाळ्याआधी आणि नंतर, असा आराखडा करून मी अर्ज पाठवला आहे. विभागप्रमुखांनी त्यावर सही केली. उत्तर अजून आलेले नाही.