ईस्ट कर्कबी: एकोणीस वर्षांच्या भावासाठी

इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या ईस्ट कर्कबीला जायचं तर गाडी हवीच. रेल्वे बॉस्टन किंवा लिंकनपर्यंतच, पुढे बसचा भरवसा नाही. ए155 रस्त्यालगत दुसऱ्या महायुद्धातला जुना विमानतळ आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या 57 आणि 630 या स्क्वाड्रनची (तुकड्यांची) लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं इथून उडायची. आता तिथे विमानांचं संग्रहालय आहे.

ते उभं केलं फ्रेड आणि हॅरल्ड पँटन या दोन भावांनी. व्यवसाय कोंबडीपालनाचा. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर हॅलिफॅक्स या बॉम्बफेकी विमानावर फ्लाइट इंजिनिअर होता. 30 मार्च 1944 च्या रात्री 795 विमानं जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गवर हल्ल्यासाठी निघाली, त्यातली 95 परतलीच नाहीत. बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाची, ही सगळ्यात महागात पडलेली रात्र. ख्रिस्तोफर त्यातच गेला, एकोणीसाव्या वर्षी. धाकट्यांनी पुढे याच धावपट्टीच्या परिसरात जमीन घेतली आणि एक अख्खं लँकेस्टर विकत घेतलं: एनएक्स611, लाडकं नाव ‘जस्ट जेन’. हे विमान 1945 चं, नंतर फ्रेंच नौदलात गेलेलं. ख्रिस्तोफरचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मला उलट तेच भावलं. भावाचं विमान मिळणार नव्हतं, म्हणून मिळालं ते जिवापाड जपलं.

शक्यतो चारही मर्लिन इंजिनं सुरू करून विमान जमिनीवर फिरवतात तो दिवस गाठा. तारखा संग्रहालयाच्या वेबसाइटवर असतात. आत बसून फेरी मारायची तर खूप आधी नाव नोंदवावं लागतं आणि खिसाही चांगलाच हलका होतो. गुडघे दुखत असतील तर नादी लागू नका: आतल्या निमुळत्या बोगद्यात पंखांची आडवी तुळई ओलांडावी लागते. जाड जॅकेट घालून पोरं इथून अंधारात बाहेर कशी पडत असतील, हे तिथेच कळतं. बाहेरून पाहणंही पुरेसं आहे. नियंत्रण मनोरा चुकवू नका.

दुसरा दिवस लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरला द्या. तिथला उंच मनोरा लँकेस्टरच्या पंखविस्ताराएवढा, सुमारे 31 मीटर. भोवतीच्या भिंतींवर बॉम्बर कमांडमधल्या मृतांची जवळपास 58 हजार नावं आहेत. एखादं विशिष्ट नाव पाहायचं असेल तर त्यांच्या ऑनलाइन यादीत आधीच शोधून जा, नाहीतर भिंती धुंडाळण्यातच दुपार जाईल. ज्या शहरांवर बॉम्ब पडले, तिथल्या माणसांच्या आठवणीही इथे जपल्यात. त्या वगळल्या असत्या तर हे सगळं मला एकांगीच वाटलं असतं.

ख्रिस्तोफरचं दफन मात्र इंग्लंडमध्ये नाही. ते जर्मनीत, बव्हेरियातल्या ड्युर्नबाख युद्धस्मशानभूमीत आहे. म्युनिकला जाणं होणार असेल तर रेल्वेने ग्मुंड आम टेगर्नझेला उतरा, तिथून अंतर साधारण तीन किलोमीटर. जवळपास तीन हजार कबरी आहेत, त्यामुळे या कबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवरून कबरीचा क्रमांक टिपून घ्या.