आबांचा कोट

“आबाना कोट फाटी गया भाऊ!”

एप्रिलच्या भर दुपारी अमळनेरहून आलेल्या गृहस्थांनी चादरीत गुंडाळलेलं चित्र टेबलावर ठेवलं. 24 बाय 30 इंचांचं आबांचं तैलचित्र, 14 महिन्यांपूर्वी मीच रंगवून दिलेलं. चेहरा शाबूत, पांढरी टोपी शाबूत. काळ्या कोटाला मात्र छातीपासून खिशापर्यंत भेगा, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा.

चित्र कूलरच्या समोरच्या भिंतीवर होतं हे कळल्यावर पहिला संशय कूलरवर. आपल्याकडे बाहेर कोरडी झळ आणि खोलीत कूलरची ओल. कॅनव्हास ढिला पडतो, पुन्हा ताणला जातो. पण त्या ओढाताणीच्या भेगा बारीक आणि धारदार असतात, गेसोपर्यंत, म्हणजे कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अस्तरापर्यंत, आरपार जातात, बऱ्याचदा चौकटीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघतात. इथली भेग चांगली 2 मिलिमीटर रुंद, कडा गोलसर. भिंगातून पाहिलं तर तळाशी गेसोचा पांढरा नव्हता, काळाच रंग होता. नखाने दाबला तर खूण उमटली. आतला थर अजून मऊ! कूलर सुटला, दोष माझ्या थरांचा निघाला.

जुनी वही काढली. वर्षश्राद्धाची तारीख गाठायची म्हणून कोट तीन दिवसांत उरकलेला. पहिल्या दिवशी आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग, जवसाच्या तेलात, सुरीने जाड. तिसऱ्या दिवशी त्यावरच कोटाच्या घड्या: बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग, टर्पेंटाइनने पातळ केलेला, वर रंग लवकर वाळवणाऱ्या कोबाल्ट ड्रायरचे थेंब. जे करू नये ते सगळं एकाच कोटात.

तैलरंग ओल उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. आयव्हरी ब्लॅकला तेल भरपूर लागतं आणि तो वाळतो अगदी सावकाश. अंबरमध्ये मुळातच मँगनीज असतं, तो दोन-तीन दिवसांत वाळतो. कोबाल्ट ड्रायर तर आधी वरची सायच धरतो. वरचा थर कडक झाला, खालचा नंतर हलत राहिला, आणि कोट फाटला. चेहरा वाचला कारण तो पातळ थरांत, पुरेसे दिवस देऊन झाला होता.

नवं चित्र करणं सोपं होतं, पण तो चेहरा पुन्हा तसाच उतरेल याची खात्री कोण देणार? फक्त कोट खरवडायचा ठरवला. कॅनव्हास दबू नये म्हणून मागून चौकटीच्या आत बसेल असा पुठ्ठा सरकवला. पॅलेट नाइफ आडवी धरून आधी कोरडंच खरवडलं; ओला काळा रंग लोण्यासारखा निघत होता. उरलेला थर कापसाच्या बोळ्याने, व्हाइट स्पिरिट या रंग सोडवणाऱ्या द्रावात जेमतेम भिजवून, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत एका वेळी. गळ्यापासून अर्धा इंच अलीकडेच थांबलो. वर्षभराचा तैलरंग स्पिरिटने चोळला तर मऊ पडून निघू शकतो, आणि गळ्याचा रंग गेला असता तर सगळंच गेलं. यात अख्खे दोन दिवस गेले. (तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटतात. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात पाणी असतं.)

मूळ फोटोची 8 बाय 10 इंची प्रिंट पुन्हा काढली, तिच्यावर 1 इंची चौकोन आखले. चित्रावर तेच चौकोन 3 इंची, पण रेघा न मारता चौकटीला दोरे ताणून. खांद्याची रेघ आणि बटणं कोळशाने.

या वेळी ट्यूबमधला काळा घेतलाच नाही. बर्न्ट अंबर आणि निळा अल्ट्रामरीन निम्मे निम्मे. हा काळा लवकर वाळतो आणि निळा वाढवला की कापडासारखा थंड दिसतो. पहिला थर फक्त टर्पेंटाइनमध्ये, इतका पातळ की गेसोचे दाणे दिसावेत. उजेडाच्या जागा चिंधीने पुसून घेतल्या. तीन दिवस थांबलो. दुसऱ्याला 3 भाग टर्पेंटाइन, 1 भाग जवसाचं तेल. शेवटचा थर निम्मानिम. तेल खालून वर वाढत जायचं, कमी होत नाही. प्रत्येक थराआधी टर्पेंटाइनचा बोळा कोपऱ्यात टेकवून बघायचो. बोळा काळा झाला की ब्रश खाली. दुसरा थर वाळायला असे आठ दिवस गेले, तिसरा वाळायला बारा. गृहस्थांचे दोन फोन आले, दोन्ही वेळा “अजून नाही” म्हणालो.

वाळल्यावर कोट ठिकठिकाणी मंद पडला. तिथे जवसाच्या तेलाचं बोट फिरवून लगेच कापडाने पुसलं, चमक परतली. वार्निश लावलं नाही. ते दिवाळीनंतर, चित्र परत आणल्यावर. तोवर कूलरसमोरची भिंत सोडून, देवघराशेजारच्या भिंतीवर टांगायला सांगितलं.