‘गरम करून ठेवलीय, बघून घ्या’ : पहिली मोटरसायकल घेतानाचा माझा अनुभव

रोज कामावर जायला पहिली गाडी घ्यायची, तीही वापरलेली, म्हटल्यावर सीसीचा, म्हणजे इंजिनच्या आकाराचा, हिशोब सोपा होता. एकट्याने सपाट रस्त्यावर जायचं तर १०० ते ११० पुरे. मागे रोज कोणी बसणार किंवा वाटेत चढ असेल तर १२५. त्यापुढे गेलं की ॲव्हरेज घसरतं आणि वजन वाढतं. सीटवर बसून दोन्ही पाय नीट टेकतात की नाही, एवढं आधी पाहावं. कागद आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसीस नंबर जुळवणंही लगेच उरकतं.

अडतं ते गार इंजिनपाशी. विकणाऱ्याला फोनवर बजावून सांगा, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ तो ‘हो हो’ म्हणतो. पोचावं तर सायलेन्सर तापलेला! ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली.’ वर चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. माझी चिडचिड अजून गेलेली नाही, कारण इंजिन जे सांगणार असतं, ते नेमकं याच गरम करण्यात पुसलं जातं.

व्हॉल्व्हपाशी तेल अडवणारे सील (व्हॉल्व्ह सील) गेले असतील तर रात्रभर तेल पाझरून खाली साचतं आणि पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक लोट येतो. ते तेल जळून गेलं की गाडी शहाण्यासारखी चालते. निळा धूर ॲक्सिलरेटर पिळल्यावरही येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे इंजिन उघडणं आलं. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ मात्र पाण्याची. तिला घाबरू नये. बॅटरीचंही तसंच. गार इंजिनात तेल घट्ट असतं, स्टार्टरला जोर लागतो आणि अशक्त बॅटरी तिथेच उघडी पडते.

म्हणून आल्याआल्या सायलेन्सरच्या बेंडजवळ (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) तळहात न्यायचा, टेकवायचा नाही. धग लागली तर त्या दिवशी इंजिनावर मत देऊच नये. पूर्ण गार व्हायला काही तास लागतात. दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ मागायची आणि ठरल्या वेळेच्या थोडं आधीच पोचायचं. विकणारा त्यालाही नाही म्हणाला तर ती गाडी सोडा.

गार मिळाली की चावी न लावता किक पायाने सावकाश दाबायची. मध्ये ठाम अडसर लागला पाहिजे; किक तशीच मऊ खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडलंय. मग स्टार्ट करून कान द्यायचा. हलकी टिकटिक टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), ॲडजस्ट होते. खळखळ इंजिन तापल्यावरही राहिली तर इंजिनातली, व्हॉल्व्ह चालवणारी टायमिंग चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर. ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी जड ठकठक आली तर पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडची शंका घ्या आणि भाव न विचारता निघा.

हो, टायर राहिले. कडेला चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होऊन ओल्यात घसरतं. मागच्या स्प्रॉकेटवरून (चेनचं दातेरी चाक) चेन बोटांनी मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा सेट बदलायला झालाय. तो पूर्ण बदलावा, नव्या चेनला जुने दात खातात. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवा. हँडलखाली टक्क झालं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल किंवा गेलेला. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ म्हणजे ऑइल सील गेलं.

चालवताना वरच्या गिअरला कमी वेगात ॲक्सिलरेटर एकदम पिळा. आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपल्यात. त्याचा खर्च ठरलेल्या भावातून तिथेच वजा करून घ्या. नंतर फोन कोणी उचलत नाही.