कागदावरचं घर

आज दिवसभर घराचा नकाशा खोडला आणि पुन्हा काढला. बजेट ठरलेलं, त्यामुळे प्रत्येक फूट मोजून घ्यावा लागतोय.

पहिल्या नकाशात 16 फूट लांब आणि 4 फूट रुंद पॅसेज होता. म्हणजे 64 चौरस फूट नुसतं चालायला! तो काढला आणि खोल्या थेट हॉलला जोडल्या. मग आकार. 20 बाय 45 आणि 30 बाय 30, दोन्हींचं क्षेत्रफळ 900च, पण पहिल्याच्या बाहेरच्या भिंती 130 फूट, दुसऱ्याच्या 120. तेवढाच पाया, विटा आणि प्लास्टर वाचतं. बाथरूम आणि स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून घेतलं, पाइप एकाच भिंतीत.

संध्याकाळी गच्चीवर खडूने आईची खोली खऱ्या मापात आखली. 10 बाय 10 कागदावर पुरेशी वाटत होती. पलंग, कपाट आखल्यावर वॉकर वळायलाच जागा उरेना. आई त्या रेषांमध्ये उभी राहिली, काहीच बोलली नाही. मला फार वाईट वाटलं.

आता तिची खोली 12 बाय 11, तळमजल्यावर, बाथरूमचं दार 3 फुटी. माझी अभ्यासाची खोली रद्द, टेबल जिन्याखाली. उद्या इंजिनिअरना हाच नकाशा देणार.