रडल्यावर हातातून चमचा का पडत होता

माझी लेक सात वर्षांची असताना एका संध्याकाळी हुंदके देऊन रडली आणि रडू ओसरल्यावर जेवायला बसली, तेव्हा तिच्या उजव्या हातातून चमचा निसटला. तो उचलायला ती धडपडत होती, पण बोटे मिटत नव्हती. दहाएक मिनिटांत हात पूर्ववत झाला आणि तिने उरलेला वरणभात संपवला. हा हट्टाचाच प्रकार आहे असे समजून आम्ही दोघे तिला रागावलो, हे आठवले की आजही जिवाला लागते.

पुढच्या दोन महिन्यांत हे आणखी तीनदा झाले. एकदा वाढदिवसाचा फुगा फुगवताना, एकदा गरम सूपवर फुंकर घालताना. "अगं, ही सोंग करत नाही, रडली किंवा फुंकर मारली की तिचा हात लुळा पडतो," हे पहिल्यांदा सासूबाईंनी ओळखले. ज्या डॉक्टरांकडे आम्ही आधी गेलो त्यांनी मुले लक्ष वेधून घेण्यासाठी असे करतात, असे सांगून आमची बोळवण केली. दुसऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र सासूबाईंचेच वाक्य दोनदा विचारून घेतले आणि त्याच दिवशी एमआरआय करायला सांगितला. त्यानंतर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचे चित्र काढणारी तपासणी, झाली आणि आम्ही कधीही न ऐकलेले नाव कागदावर आले: मोयामोया.

मानेतून वर जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड धमन्या कवटीत शिरून जिथे फांद्यांत विभागतात, तिथेच या आजारात त्या हळूहळू अरुंद होत जातात. मुख्य वाट बंद होऊ लागली की मेंदूच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि कमी पडणारे रक्त कसेबसे पोचवू पाहते. अँजिओग्राफीच्या चित्रात हे जाळे धुरकट दिसते. जपानमधील सेंदाई येथील सुझुकी आणि ताकाकू यांनी १९६९ मध्ये त्यावरूनच आजाराला हे नाव दिले, कारण जपानी भाषेत धुरासारख्या अस्पष्ट, तरंगत्या गोष्टीला मोयामोया म्हणतात. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून तो धूर मला दाखवला. माझ्या लेकीचा मेंदू जगण्यासाठी एवढ्याशा नाजूक वाहिन्यांवर टेकला होता, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

रडण्याचा संबंधही तिथेच उलगडला. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. निरोगी मेंदूला त्याचे काही वाटत नाही, पण जिथे रक्त आधीच जेमतेम पोचते तिथे तेवढ्यानेही एखादा भाग काही मिनिटे उपाशी राहतो. गरम नूडल्सवर फुंकर घालताना किंवा माउथ ऑर्गन वाजवताना असे झटके आलेल्या मुलांची वर्णने जपानी डॉक्टरांनी केलेली आहेत, हे वाचल्यावर आमच्या घरातील सूपची वाटी मला आठवली. हात पुन्हा चालू लागला म्हणून आम्ही निर्धास्त झालो होतो, पण तो मोठ्या पक्षाघाताचा इशारा होता.

हा आजार जपान, कोरिया आणि चीनमध्ये जास्त आढळतो, आणि तेथील अनेक रुग्णांमध्ये आरएनएफ२१३ या जनुकातील बदल सापडतो, हे २०११ मध्ये समजले. लहान मुलांत बहुधा रक्तपुरवठा कमी पडतो, तर मोठ्यांत नाजूक वाहिनी फुटून रक्तस्राव होण्याचे प्रमाण अधिक असते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांतही धमन्या अशाच अरुंद होऊ शकतात, त्यामुळे सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोली किंवा नंदुरबारच्या एखाद्या आईने हे वाचावे, असे मला मनापासून वाटते.

अरुंद झालेली धमनी पुन्हा रुंद करणारे औषध नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन सुरू झाली आणि मग शस्त्रक्रिया ठरली. कानाच्या पुढे, कानशिलावर बोट ठेवले की जी नाडी लागते, ती डोक्याच्या त्वचेला रक्त पुरवणारी धमनी मोकळी करून मेंदूच्या पृष्ठभागावर अंथरतात आणि पुढील काही महिन्यांत तिच्यातून नव्या वाहिन्या मेंदूत उतरतात. मोठ्या रुग्णांत हीच धमनी बहुधा मेंदूच्या धमनीला थेट टाके घालून जोडतात. आमच्याकडे आधी डावी बाजू झाली, कारण उजव्या हाताचा कारभार तिच्याकडे असतो, आणि चार महिन्यांनी उजवी. शस्त्रक्रियेनंतर तिला वेदना होऊ नयेत, ती रडू नये आणि शरीरातील पाणी कमी होऊ नये, एवढ्यासाठी परिचारिका रात्रभर जागत होत्या. त्यांचे ऋण शब्दांत मावणारे नाही.

आता ती दहा वर्षांची आहे. झटके थांबले आहेत, पण तपासणीची एमआरआय चुकवत नाही. ताप किंवा जुलाब झाले तर आम्ही दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही, आणि वर्गशिक्षिकांकडे तिच्या आजाराची चिठ्ठी दिलेली आहे. केसांचा पट्टा किंवा चष्म्याची काडी त्या धमनीवर दाबली जाऊ नये, म्हणून वेणी सैल घालावी लागते. ती घालण्याआधी सासूबाई तिच्या दोन्ही कानशिलांवर बोटे टेकवतात, नाडी लागेपर्यंत थांबतात आणि मगच कंगवा हातात घेतात.