दारातून दिसेल तेवढीच बाग

जपानी बाग म्हटलं की डोळ्यांपुढे आधी वस्तू येतात. दगडी कंदील, बांबूची पन्हळ, पांढरी खडी, कोपऱ्यात एखादी बुद्धमूर्ती. घरातल्या छोट्या जागेत अशी बाग करायची म्हणून कुणी सल्ला मागितला की मी एकच विचारते, बघणार कुठून? कुठल्या खुर्चीतून, कुठल्या पायरीवर बसून? याचं उत्तर मिळेपर्यंत एक दगडही घरात आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या घरामागे, मागची खोली आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये ११ फूट लांब आणि ५ फूट रुंद अशी पट्टी आहे. माझे सासरे, अप्पा, गुडघ्यांमुळे फारसे हिंडत नाहीत. दुपारभर मागच्या खोलीत बसून असतात. बाग त्यांच्यासाठीच करायची होती, त्यामुळे खुर्ची ठरलेलीच होती. तिथून नेमकं काय दिसतं, हे मोजायचं होतं.

आधी खिडकीचा हिशेब केला. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असतात. खिडकीचा कट्टा अडीच फुटांवर. खिडकीपासून पाच फूट आत बसलं, तर कट्ट्यावरून खाली उतरणारी नजर बाहेरच्या जमिनीला टेकायला आणखी दहा-बारा फूट लागतात. आमची पट्टी पाचच फुटांची. म्हणजे खिडकीतून जमीन दिसतच नाही, दिसते फक्त भिंत. कितीही सुंदर खडी पसरली असती तरी अप्पांच्या नजरेला ती कधीच पडली नसती. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो आणि तो केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

मग दार. दाराला कट्टा नाही, उंबऱ्यापलीकडच्या अर्ध्या फुटानंतरची सगळी जमीन दिसते. खुर्ची दारापासून चार फूट आत ठेवली. अप्पा खुर्चीत आणि मी भिंतीशी हातात खडू घेऊन.

“अप्पा, दिसतेय का मी?”

“दिसतेस... दिसतेस... थांब. आता नुसता हात दिसतोय.”

तिथे भिंतीवर खूण केली. मग दुसऱ्या बाजूला. तीन फुटांच्या दारातून मागच्या भिंतीचा साधारण पावणेसात फुटांचा भाग दिसत होता. ११ फुटांतले उरलेले चार फूट बागेच्या हिशेबातून सुटले. तिथे नळ, कपड्यांच्या दोऱ्या, खराटा, बादल्या सगळं जसंच्या तसं राहिलं. छोट्या जागेत बाग करताना घरातली कामाची जागा गिळून टाकायची गरज नसते. नजरेच्या चौकटीत येतं तेवढंच बागेचं, बाकीचं घराचं.

सात बाय पाच म्हणजे ३५ चौरस फूट. जपानमध्ये घराची आणि जमिनीची जागा अजूनही ‘त्सुबो’ या मापात सांगतात. एक त्सुबो म्हणजे दोन ताताम्यांएवढी (तातामी म्हणजे खोलीत अंथरायची जाड चटई), साधारण ३.३ चौरस मीटर जागा. माझा चौकोन जवळजवळ तेवढाच निघाला, याचा मला फार आनंद झाला.

क्योतोतली जुनी व्यापाऱ्यांची घरं, ज्यांना माचिया म्हणतात, रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब असतात. मधल्या खोल्यांना ना उजेड ना वारा. म्हणून घराच्या पोटात आकाशाला उघडी अशी छोटी जागा सोडत. तीच त्सुबोनिवा, म्हणजे खोलीतून बघायची बाग. काही घरांत अशा दोन मोकळ्या जागा असतात. एकीत पाणी शिंपडलं की तिथली हवा गार होते, दुसरी तापलेली राहते आणि या फरकामुळे मधल्या खोल्यांतून वारा खेळतो. त्या बागा घराच्या गरजेतून आल्या, म्हणूनच त्यांत उगाच काही ठेवलेलं दिसत नाही. क्योतोच्याच दाइतोकुजी मंदिर-परिसरात र्‍योगेन-इन नावाचं छोटं मंदिर आहे. तिथे दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या फटीत १९५८ साली केलेली एक खडीची बाग आहे. जपानमधली सर्वांत लहान दगडी बाग अशी तिची ओळख सांगतात. थोडे दगड आणि खडीवर ओढलेली पाण्याची वलयं, बस्स. ‘आमच्याकडे जागाच नाही’ म्हणणाऱ्यांना मी तिचा फोटो दाखवते.

र्‍योआन-जी या क्योतोतल्या मंदिराची बाग तर सगळ्यांना माहीत असते. साधारण २५० चौरस मीटर जागा, पाच गटांत १५ दगड, आणि ओसरीवर कुठेही बसलं तरी एखादा तरी दगड दुसऱ्याच्या आड जातो. पण तिच्या फोटोंत मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते भिंतीनं. ती मातीची आहे. मातीत मुरवलेलं तेल वर्षानुवर्षं बाहेर झिरपत गेलं आणि तिच्यावर तपकिरी, करडे ओघळ उमटले. दगड आणि खडी उठून दिसतात ती त्या काळसर भिंतीमुळे. आमची भिंत पांढरी होती, दुपारी डोळ्यांवर येत होती. मी तिला मातकट करडा रंग दिला, तोही चकाकी नसलेला. दगड यायच्या आधीच पट्टी खोल वाटायला लागली. पाच फुटांच्या जागेत भिंत हीच सगळ्यांत मोठी गोष्ट असते. खर्च करायचाच तर आधी तिच्यावर करावा.

आता दगड. इथे मी भरपूर वेळ घालवला आणि तो घालवावाच.

दगड आणण्याआधी मी खोके आणि मातीनं अर्धवट भरलेली पोती मांडली. एक उभं, एक आडवं, एक लहान. मग अप्पांच्या खुर्चीत बसून बघायचं, उठायचं, वीतभर सरकवायचं, परत बसायचं. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला की रंग बाजूला पडतात आणि वजन कुठे झुकतंय ते चटकन कळतं. पोती तशीच बरेच दिवस ठेवली. सकाळच्या उन्हात कुणाची सावली कुणावर पडते, पाऊस पडला की पाणी कुठे साचतं, हे सगळं पोत्यांनीच दाखवलं. खऱ्या दगडांबरोबर असे खेळ करता येत नाहीत. एक घनफूट दगड ७०-७५ किलो भरतो आणि एकदा बसवला की त्याला हलवायला पहारच लागते.

अकराव्या शतकातला ‘साकुतेइकी’ हा बाग रचण्यावरचा जपानी ग्रंथ सांगतो की आधी मुख्य दगड बसवा आणि पुढचे दगड त्याच्या मागणीप्रमाणे ठेवा. जो दगड निसर्गात आडवा पडलेला होता त्याला उभा करू नका, अशी ताकीदही त्यात आहे. हे मला अगदी मनापासून पटतं. आडव्या दगडावर पावसाच्या, मातीच्या खुणा आडव्याच असतात. तो उभा केला की त्या खुणा उभ्या होतात आणि का ते सांगता येत नाही, पण बघणारा अस्वस्थ होतो.

माझा मोठा दगड गुडघ्याएवढा आहे. एका बाजूला त्याला खांदा आहे, त्या खांद्यावरून एक बारीक फिकट शीर तिरकी उतरत बुंध्याशी नाहीशी होते. ती शीर दाराकडे हवी होती. गवंडीदादांनी खड्डा घेतला, दगड ठेवला, आणि तो नुसता ठेवल्यासारखाच दिसला. कारण खालच्या बाजूला तो निमुळता होत होता आणि ते निमुळतेपण उघडं राहिलं होतं. दगड जिथे सगळ्यांत रुंद असतो, तिथपर्यंत तो जमिनीत गेला पाहिजे. मग डोळा आपोआप समजतो की खाली अजून बराच दगड आहे. आणखी वीतभर खणलं. एक तृतीयांशाहून जास्त दगड मातीत गेला.

“एवढा पैसे देऊन आणलेला दगड पुरून टाकायचा?” गवंडीदादा म्हणाले.

आतून अप्पा म्हणाले, “आता बसला बघा. आता तो इथलाच वाटतोय.”

दुसरा दगड आडवा, त्याच्या पायाशी किंचित पुढे. तिसरा लहान, दाराच्या चौकटीमागे अर्धा लपेल असा. तो तसा मुद्दाम ठेवला. चौकटीबाहेर बाग पुढे चालू आहे असं त्या अर्ध्या दगडामुळे वाटतं. तीनही दगडांमधली अंतरं वेगवेगळी ठेवली आणि कुठलाही दगड चौकोनाच्या मधोमध येऊ दिला नाही.

खडीबद्दल थोडं परखड बोलते. संगमरवराचे पांढरेशुभ्र तुकडे आणू नका. क्योतोच्या बागांत परंपरेनं वापरली गेलेली शिराकावा खडी ग्रॅनाइटची आहे. तिच्यात काळ्या अभ्रकाचे ठिपके असतात, म्हणून ती उन्हात डोळ्यांना बोचत नाही. संगमरवर मुळात चुनखडीचा, तो हळूहळू विरघळून आजूबाजूची माती अल्कधर्मी करतो आणि बहुतेक शेवाळांना ती मानवत नाही. मी करडी ग्रॅनाइटची बारीक कच घेतली, कोनदार. गोल गोट्यांवर रेघा टिकत नाहीत, गोटे घरंगळून जागेवर येतात. फार बारीक वाळू वाऱ्यानं उडते. कचेचे कोन एकमेकांत अडकतात आणि ओढलेली रेघ उभी राहते.

खाली मातीला पाण्याच्या जाळीकडे बारीक उतार दिला, त्यावर पाणी झिरपू देणारं जाड कापड अंथरलं आणि त्यावर दोन इंच कच. प्लास्टिकचा कागद घालू नये, पाणी तुंबतं. ही बाग जमिनीवर आहे म्हणून एवढी कच चालली. गच्चीवर किंवा बाल्कनीत करणार असाल, तर दोन इंच खडीचं वजन चौरस मीटरला ७५ किलोंच्या आसपास होतं आणि भिजली की त्याहून जास्त. दगड आणि कुंड्या वेगळ्याच. आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारा.

दंताळं मी घरीच केलं. एका फळीला दोन-दोन इंचांवर त्रिकोणी दात कापून घेतले आणि दांडा बसवला. आधी दगडांभोवती वलयं ओढायची, मग भिंतीलगत सुरुवात करून मागे मागे सरकत सरळ रेघा. रेघ दगडाच्या वलयाला भिडते ती जागा सगळ्यांत नाजूक. तिथे मी दंताळं ठेवून हातानंच कच सारखी करते.

शेवाळाला मुळं नसतात, पाणी ते पानांतूनच घेतं. त्यामुळे त्याला खताची गरज नाही, सावली आणि दमटपणा हवा. मी ते विकत आणलं नाही. नळामागच्या ओल्या कडेला होतं तेच खरवडून मोठ्या दगडाच्या बुंध्याशी घट्ट दाबलं. ज्या हवेत ते आधीच जगलंय, तिथेच ते टिकतं. कोरड्या दिवसांत तपकिरी पडतं, पण मेलेलं नसतं. पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं, तेव्हा घाईनं उपटू नका. फार ऊन असेल तर शेवाळाचा हट्ट सोडून बुटकं माँडो गवत लावावं.

झाडं दोनच. उंचीसाठी एक नांदिना, खालून मोकळी ठेवलेली, म्हणजे तिच्या काड्यांमधून भिंत दिसते. दुसरी सावलीच्या कोपऱ्यात अ‍ॅस्पिडिस्ट्रा. अंधाऱ्या त्सुबोनिवांमधलं हे अगदी जुनं, विश्वासाचं झाड आहे. जपानी मेपलचा मोह सगळ्यांना होतो. पण त्याला थंडीत पानं गाळून विश्रांती लागते. जिथे तशी थंडी पडत नाही तिथे त्याला आणून झुरवू नये, असं मला फार वाटतं. आपल्या हवेत सुखानं वाढणारं, बारीक पानांचं, छाटलेलं चालणारं कुठलंही झुडूप ते काम करतं.

पुढच्या कडेला उंबऱ्याखाली घरातल्याच जुन्या, निघालेल्या फरश्या घातल्या. याचं धैर्य मिरेई शिगेमोरी या जपानी बाग-रचनाकारामुळे आलं. १९३९ साली क्योतोच्या तोफुकु-जीत बागा करताना त्यांना अट घातली होती की मंदिरातलं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही. त्यांनी जुन्या वाटेच्या चौकोनी फरश्या शेवाळात बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडल्या, दूर जाताना विरळ होत जाणाऱ्या. आज लोक मुद्दाम ती बाग बघायला जातात.

पाण्यासाठी एक उथळ दगडी पात्र आहे. त्यातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून बदलते, म्हणजे डासांच्या अळ्या मोठ्या व्हायला सवडच मिळत नाही. पंप, कारंजं काही नाही.

आणि कंदील? येणारा प्रत्येक जण विचारतो. देवळांतले दगडी कंदील बागेत आले ते सोळाव्या शतकात, चहाच्या विधीबरोबर. पाहुण्यांना संध्याकाळी चहाच्या खोपीपर्यंतच्या वाटेवर पाऊल कुठे टाकायचं ते दिसावं म्हणून. आमच्या सात बाय पाचमध्ये चालायला वाटच नाही, म्हणून कंदीलही नाही. रात्रीसाठी नांदिनाच्या मागे, जमिनीलगत एक छोटा पिवळा दिवा बसवलाय. त्याचं बटण अप्पांच्या खुर्चीशेजारी आहे.