गटात माणसं किती हवीत? तुम्ही विचारलंत म्हणून

अभ्यासगट असो, संस्थेची कार्यकारिणी असो की ऑफिसातली टीम, सुरुवात करणारी माणसं हमखास विचारतात: किती जण घ्यावेत? त्यांना आकडा हवा असतो. समाजशास्त्रवाले आकडा मागितला की व्याख्यान देतात, अशी त्यांची तक्रारही असते. ती रास्त आहे, म्हणून आकडा आधीच सांगून टाकते. एकत्र बसून ठरवायचं आणि ते आपणच पार पाडायचं, असं काम असेल तर पाच. सात चालतील. त्यापुढे प्रत्येक नवा माणूस महाग पडत जातो. तो कुठे महाग पडतो हे ध्यानात आलं नाही, तर सगळं खापर कुणाच्या तरी स्वभावावर फुटतं.

यादीत नावं आहेत म्हणजे गट झाला, असं मात्र नाही. थांब्यावर बसची वाट पाहणारे वीस जण ही गर्दी. जगातले सगळे डावखुरे हा नुसता वर्ग, त्यांची आपसात ओळखही नसते. गट म्हणायला ये-जा, बोलणं-चालणं नियमित हवं, एकमेकांकडून काही अपेक्षा हव्यात, आणि आपला कोण, बाहेरचा कोण हे ठाऊक हवं. ओळखायची सोपी खूण सांगते. एखादा आला नाही तर ‘आज का नाही आला?’ असं कुणी विचारतं का? कुणीच विचारत नसेल, तर तो फक्त यादीत आहे.

आता दोनपासून सुरू करू. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी दोन आणि तीन या आकड्यांतला फरक फार बारकाईने मांडला. दोघांपैकी एक उठून गेला की गट संपला. त्यामुळे दोघांत ‘गटाने ठरवलं’ असं म्हणून जबाबदारी झटकता येत नाही. जे केलं ते मी केलं किंवा तू केलंस. तिसरा आला की प्रथमच बहुमत जन्माला येतं, आणि एक नवी जागाही तयार होते. त्या जागेवरचा माणूस भांडणात मध्यस्थी करू शकतो. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, हेही करू शकतो. किंवा मुद्दाम दोघांना लावून देऊन स्वतः वरचढ राहू शकतो. लोक म्हणतात, तो आधी असा नव्हता. नसेलही. दोघांत असताना त्याला ती जागाच नव्हती. तिघांच्या गटात एकच गोष्ट पाहत राहा: दर वेळी दोघं एका बाजूला आणि एकटा राहणारा तोच माणूस आहे का? तसं असेल तर गट कागदावर तिघांचा आहे, चालतो दोघांचाच.

पुढचा हिशोब शाळेतला आहे. माणसं मोजू नका, जोड्या मोजा. माणसांच्या संख्येला एक कमी संख्येने गुणा आणि दोनने भागा. पाच माणसांत 10 जोड्या, सातांत 21, बारांत 66, विसांत 190. पाचाचे वीस झाले तेव्हा माणसं चौपट झाली, पण सांभाळायचे संबंध एकोणीसपट. एका तासाच्या बैठकीत पाच जणांना माणशी 12 मिनिटं मिळतात, विसांना तीन. तीही समान वाटली तर, आणि ती कधीच समान वाटली जात नाहीत. दोघं-तिघं बोलतात, उरलेले ऐकतात किंवा मोबाइल पाहतात.

‘जास्त हात, कमी काम’ या अनुभवावर प्रयोगही झाले आहेत. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष 1913 साली छापले गेले. आठ जण मिळून ओढत तेव्हा माणशी जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या जेमतेम निम्मा भरला. याची कारणं दोन, आणि ती वेगळी ठेवायला हवीत. एक म्हणजे ताळमेळ: सगळे एकाच क्षणी, एकाच दिशेने ओढत नाहीत. दुसरं, ओढायला बाकीचे आहेतच म्हणून माणूस थोडा सैल पडतो. नंतरच्या प्रयोगांत डोळे बांधून, मागे आणखी माणसं ओढत आहेत असं नुसतं भासवलं, तरी जोर कमी झाला. तिथे ताळमेळाचा प्रश्नच नव्हता. टाळ्या आणि आरडाओरडा यांवरही 1979 मध्ये असंच दिसलं. प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जाईल असं कळलं, की ही ढिलाई बरीचशी जाते. म्हणून ‘सगळ्यांनी मिळून अहवाल लिहू’ हे वाक्य धोक्याचं. पहिला भाग कोण लिहिणार, आकडे कोण तपासणार, कोणत्या तारखेला, हे नावानिशी लिहा.

मग तीनच माणसं घेऊ, असं म्हणाल. तिथे वेगळी अडचण आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखायची होती. उत्तर डोळ्यांना सरळ दिसत होतं. आधीच पढवून ठेवलेली माणसं एकमुखाने चुकीचं उत्तर देत, तेव्हा खऱ्या सहभागी व्यक्तीही साधारण एकतृतीयांश वेळा तेच चुकीचं उत्तर देत. दबावाला मोठी गर्दी लागत नाही, चूक बोलणारे तीन-चार पुरतात. पण बरोबर बोलणारा एक जरी सोबतीला असला, तरी चुकांचं प्रमाण झपाट्याने घसरतं. पाचांत असा सोबती सापडायला जागा असते, तिघांत नसते. त्यातही युक्ती अशी की चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहावं आणि पदाने मोठा असलेल्याने सर्वांत शेवटी बोलावं.

आणि समजा तुम्ही चौदा जण घेतलेच? मग ते चौदा राहत नाहीत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये एका खोलीतल्या 14 कामगारांचं महिनोन्‌महिने निरीक्षण झालं. टेलिफोन यंत्रणेच्या वायरी जोडण्याचं काम. वेतन सगळ्यांच्या मिळून उत्पादनावर, म्हणजे जास्त काम तर सगळ्यांनाच जास्त पैसे. तरी रोज किती काम ‘पुरे’ हे त्यांनी आपसातच ठरवलं होतं. फार भराभर करणाऱ्याला नावं ठेवली जात, दंडावर ठोसाही बसे. फार कमी करणाऱ्यालाही टोमणे. उत्पादन वाढलं तर दर कापतील, माणसं कमी करतील, अशी धास्ती होती, आणि मंदीच्या त्या दिवसांत ती खुळचट म्हणता येणार नाही. याच चौदांत दोन कंपू झाले, एक खोलीच्या पुढच्या बाजूचा, एक मागच्या. वरून आखलेल्या रचनेत यातलं काहीच नव्हतं.

कुणीतरी दीडशेचा आकडा पुढे करतंच. माणूस एवढेच संबंध सांभाळू शकतो, वगैरे. तो ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूच्या आकारावरून 1990च्या दशकात काढलेला अंदाज आहे, आणि त्याच गणिताप्रमाणे तो शंभरापासून सव्वादोनशेच्या थोडं पुढेपर्यंत कुठेही असू शकतो. त्यावर मी समिती बेतणार नाही.

मोठी संख्या टाळता येत नसेल तर गट सोडून संघटनेच्या वाटेने जावं लागतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी तिची जी अंगं सांगितली ती आजही पुरतात: पद माणसापासून वेगळं, अधिकाराची उतरंड, लेखी नियम, लेखी नोंदी. कसोटी ही की खजिनदार उद्या सोडून गेला तर नवा माणूस फक्त कागद वाचून काम सुरू करू शकेल का? नाही म्हणत असाल, तर पदाचं नाव आहे, पद नाही.

विसांचा गट आधीच झाला असेल तर कुणाला काढू नका. पाच-पाचांचे चार उपगट करा आणि प्रत्येकातला एक जण मधल्या छोट्या गटात बसवा. हे दुवे लवकर थकतात; एकीकडे आपल्या लोकांची बाजू, दुसरीकडे सगळ्यांचा निर्णय, अशी दोन टोकांची भूमिका त्यांच्या वाट्याला येते. वर्षाने माणूस बदला. आणि प्रत्येक उपगटाला न विचारता काय ठरवता येईल, किती खर्च करता येईल, हे एका ओळीत लिहून द्या. ती ओळ राहून गेली की प्रत्येक बारीकसारीक बाब पुन्हा विसांपुढे येते, आणि पुन्हा माणशी तीन मिनिटं.